लवू राऊळची झोप

घोडपदेवच्या त्या चाळीत बकुळाच्या डोळ्याखाली काळंनिळं दिसलं, की नळावर आधी सगळ्या गप्प व्हायच्या. घागरीत पाणी पडल्याचा आवाज तेवढा. मग हळूच सगळ्यांच्या नजरा राधाबाईकडे वळायच्या. कारण राधाबाईची खोली बकुळाच्या खोलीला लागून, आणि तोंडही तिचंच सगळ्यांत मोठं.

"परत काय गो?" राधाबाई विचारायची.

"झोपेत लागलो त्यांचो हात," बकुळा म्हणायची आणि घागर उचलून चालू लागायची.

झोपेत म्हणे! चाळीतल्या बायका काय काल जन्मल्या होत्या? नवऱ्याचा मार झाकायला कुणी मोरीत घसरते, कुणाला दाराची कडी लागते, ते सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पण झोपेतला हात ही सबब कुणी कधी ऐकली नव्हती. आणि बिचारी बकुळा तर अक्षर न् अक्षर खरं सांगत होती.

लवू राऊळ गिरणीत साचे चालवायचा, म्हणजे कापड विणायच्या खात्यात कामाला होता. कायमची रातपाळी. सकाळी घरी यायचा, पेज प्यायचा आणि सगळी चाळ जागी असताना दार लोटून निजायचा. उंचापुरा गडी, दारूचा थेंब नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण भर दुपारी, बायका धान्य निवडत गॅलरीत बसलेल्या असताना, त्या लोटलेल्या दारामागून गुरगुरल्यासारखं ओरडणं यायचं, धडाधड लाथा बसल्याचे आवाज यायचे, एखादं भांडं कलंडायचं. एकदा राधाबाई हातातल्या पळीसकट दार ढकलून आत घुसली. बघते तर लवू चटईवर पडलेला, डोळे घट्ट मिटलेले आणि मुठी सपासप चालताहेत. बकुळा भिंतीला टेकून कपाळ धरून बसलेली. राधाबाईनं "अरे लवू!" म्हणून हाक मारली, तसा गडी उठून बसला, चक्क शुद्धीवर, आणि म्हणाला, "काय झाला, वयनी?"

"बघा बाई नाटकं!" राधाबाईनं सगळ्या मजल्यावर सांगितलं. "डोळे मिटून बायकोला बडवायचं आणि वर आपणच विचारायचं काय झालं!"

सीतारामचं म्हणणं वेगळं होतं. सीताराम म्हणजे चाळीतला संयुक्त महाराष्ट्र समितीचा कार्यकर्ता, दिवसभर गिरणीत आणि उरलेला वेळ सभेत. छप्पन सालच्या जानेवारीत लालबागला गोळीबार झाला तेव्हा लवू त्याच्या बरोबर गर्दीत होता, आणि शेजारचा माणूस पडलेला दोघांनीही पाहिला होता. "ते डोक्यात बसलंय त्याच्या," सीताराम म्हणायचा. "झोपेतसुद्धा लढतोय गडी!" चाळीला ते पटलं. पटलं म्हणजे काय, आवडलं. पुढे काही महिने लवूकडे लोक जरा आदरानंच बघायचे, आणि बकुळाच्या डोळ्याखालचं निळं म्हणजे महाराष्ट्रासाठी सोसलेलं काहीतरी आहे, असं मानून मोकळे व्हायचे.

बकुळानं कुणाला खोडून काढलं नाही. पण तिला माहीत होतं, हे गोळीबाराच्या आधीपासूनचं आहे. हे कमल गेल्यानंतरचं आहे.

कमल तिची एकुलती एक मुलगी. तेव्हा बकुळा गावी, कणकवलीच्या पलीकडे, आणि लवू मुंबईत चार गाववाल्यांबरोबर एका खोलीच्या गाळ्यात. पोरीला ताप भरला. शेजारणी म्हणाल्या, कणकवलीला डॉक्टरकडे ने. बकुळाला वाटलं, आधी देवाला विचारू. त्यांच्याकडे पद्धतच ती: देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, गावचा घाडी, म्हणजे देवाशी बोलणारा, गाऱ्हाणं घालतो, उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्याला कौल लावणं म्हणतात. घाडी परगावी गेलेला. त्याची वाट बघण्यात वेळ गेला, आला तेव्हा कौल मिळाला की पोरीला वेशीबाहेर काढू नका. बकुळानं काढली नाही. पोर गेली.

लवू मुंबईहून पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं. तो ओट्यावर बसला. बकुळा रडून सांगत होती, तो ऐकत होता. "झाला ता झाला," एवढंच म्हणाला. ओरडला नाही, शिवी दिली नाही, हात उगारला नाही. पंधरवड्यानं तिला मुंबईला घेऊन आला, घोडपदेवला खोली बघितली, आणि त्या विषयावर त्या खोलीत पुन्हा शब्द निघाला नाही. बकुळाला वाटायचं, ओरडला असता तर बरं झालं असतं. एकदाच काय ते झोडपून काढलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून पहिल्यांदा झोपेत तिच्या पाठीत लाथ बसली, तेव्हा तिला काय वाटलं असेल? तिला सुटल्यासारखं वाटलं! जागेपणी गिळलेलं हे आता बाहेर येतंय, येऊ दे. तिनं आपली चटई लांब सरकवली नाही. लवूनं डोळ्याखालची खूण बघून विचारलं की म्हणायची, मोरीत पाय घसरला; आणि चाळीतलं बोलणं त्याच्या तोंडावर कुणी काढत नव्हतं. त्याचं आपल्याकडे येणं आहे, ते तो वसूल करतोय, असा तिचा हिशेब. आता हा कसला हिशेब, असं तुम्ही-आम्ही म्हणू. पण आपलं पोर आपल्या हातून गेलं असं जिला वाटतं, तिला शहाणपण शिकवायला जाऊ नये.

वर्षं गेली तसा लवू बदलत गेला. आधी त्याचं नाक गेलं. बांगड्याचं तिकलं चुलीवर असलं की जिन्यातून वास घेत येणारा माणूस, तो आता समोर ताट ठेवलं तरी ढिम्म. बकुळा समजली, आपल्या हातचं याला नको झालंय. मग आवाज बारीक झाला. चार वेळा "काय?" म्हणावं तेव्हा एक शब्द कळायचा. ती समजली, बोलायची इच्छाच नाही. मग चेहरा गेला. गेला म्हणजे नाक-डोळे जागच्या जागी, पण हसू नाही, भुवई उचलणं नाही, पापणीसुद्धा लवकर लवायची नाही. गणपतीत सीतारामच्या पोरांनी सोंगं आणली, सगळी चाळ हसून लोळली, हा भिंतीसारखा बसून. "तुझो घोव सदाचो रागावलेलो," राधाबाई म्हणाली. बकुळाच्या काळजात ते रुतून बसलं. कारण तीही रोज तेच बघत होती. ताटावर राग, शब्दांत राग, तोंडावर राग, आणि दुपारी झोपेत तर काय, मुठीच.

एवढा राग घेऊन माणूस कसा जगतो? आणि आपल्याला एकदाही का बोलून दाखवत नाही? बकुळाला आता मार सोसवत होता, पण हे न कळणं सोसवेना. अठ्ठावन्न सालच्या शिमग्याला ती गावी गेली. आणि तिथं जाऊन तिनं काय करावं? पुन्हा कौल लावला! अहो, ज्या पाषाणापुढे पोर हरवली, त्याच पाषाणापुढे जाऊन उभी राहिली. पण तिला दुसरं ठाऊक काय होतं? लहानपणापासून अडलंनडलं तिथंच विचारलेलं. चारचौघांत "माझा नवरा माझ्यावर रागावलाय का" असं कसं म्हणणार, म्हणून तिनं प्रश्न मनात धरला, आणि घाडी म्हणाला, "बाय मनात जा काय धरून उभी आसा, ता खरा आसात तर उजवी दी, महाराजा."

उजवी पडली.

मुंबईला परतली ती त्या कौलाचं ओझं घेऊनच. त्याच आठवड्यात दुपारी लवूचा हात तिच्या ओठावर बसला आणि दात हलला. यावेळी तिनं हाक मारून त्याला उठवला. तोंडातलं रक्त पदराला पुसून त्याच्यापुढे धरलं.

"मोरीत पडूक नाय मी. ह्या तुमी केलात. हेच्या आधीचाव सगळा तुमीच केलात," ती म्हणाली. "तुमका राग आसा ना माझो, कमलसाठी? देवान सांगितला माका. मग जागेपणी मारा. झोपेत कित्याक?"

लवू बघत राहिला. तोंडावर काहीही नाही, तीच भिंत. पदर हातात घेऊन त्यानं उलटसुलट केला. मग उठला, आपली चटई गुंडाळली आणि गॅलरीत जाऊन बसला.

त्या दिवसापासून लवू राऊळ निजला नाही. म्हणजे माणूस अगदीच कसा निजणार नाही? बसल्या जागी मान पडायची, पण पडली की तो दचकून उठायचा आणि नळावर जाऊन डोळ्यांवर पाणी मारायचा. रातपाळीहून आला की गॅलरीत खांबाला पाठ लावून बसायचा. बकुळानं हात जोडले. "आत येवन निजा, माका काय्येक होवचा नाय." तो मान हलवायचा. तिला वाटलं, हा नवा राग. बोलून दाखवलं म्हणून आता अंथरूणसुद्धा वेगळं केलं. महिने असे गेले. साच्यावर पेंगतो म्हणून खात्यातल्या मुकादमानं, जॉबरनं, दोनदा घरी पाठवला, मग बदली कामगार म्हणूनही घेईना. पावलं तोकडी पडायला लागली, वळताना चार-चार वेळा पाय आपटायचा. चाळीतली पोरं मागे तसं चालून दाखवायची. आणि साठ सालच्या एप्रिलात, भर उन्हात, भाजी आणायला म्हणून निघालेला लवू जिन्यावरून खाली गेला तो पार तळाशी. खुबा मोडला.

सीतारामनं चौघं गोळा करून त्याला परळच्या इस्पितळात नेला. पाय वजन लावून ताणून ठेवला. हलता येईना, आणि जागं राहायचं बळही उरलं नाही. शेवटी झोप आली. दुसऱ्याच दुपारी वॉर्डबॉय चादर बदलायला वाकला आणि लवूचा ठोसा त्याच्या नाकावर बसला. झाला गोंधळ! वॉर्डबॉय म्हणाला, पेशंट वेडा आहे. सिस्टर म्हणाली, हात बांधा. आणि त्या गोंधळात डॉक्टर मानकर आले.

गुरुदत्त मानकर ठाकूरद्वारच्या जुन्या प्रभू घराण्यातले, मेंदूच्या रोगांवर काम करणारे, तिशीतले. इस्पितळात मेंदूतल्या विजेच्या लहरी कागदावर उतरवणारं यंत्र होतं, त्याचा त्यांना भारी नाद. त्यांनी हात बांधू दिले नाहीत. लवूच्या डोक्याला तारा चिकटवून त्याला दुपारी निजू दिलं आणि आपण शेजारी बसले. झोपेत लवूनं लाथा झाडल्या तशी त्यांनी त्याला जागं केलं आणि विचारलं, "राऊळ, काय दिसलं?" मग रोजच विचारू लागले. आणि रोज बाहेर जाऊन बकुळाला विचारायचे. वास कधीपासून येत नाही? चेहरा असा कधीपासून? आवाज? चालणं? बकुळा पदराचं टोक पिळत उत्तरं द्यायची. तिला वाटायचं, आपल्या संसाराची चौकशी चाललीय.

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला दुपारी डॉक्टरांनी तिला बाकावर बसवलं. बाहेर परळला कमानी उभ्या होत्या, ढोल वाजत होते. महाराष्ट्र झाला होता.

"बाई, तुमच्या नवऱ्याला राग नाही. आजार आहे," मानकर म्हणाले. "कंपवाताच्या जातीचा. सगळ्यांचा हात थरथरतोच असं नाही, काहींचं अंग नुसतं ताठरतं. चेहरा ताठरतो. आतून हसला तरी बाहेर दिसत नाही. आवाज त्यानंच बसतो. नाकाचंही, मला वाटतं, त्यातलंच."

"आणि मारणा?"

डॉक्टरांनी यंत्राचा कागद मांडीवर उलगडला. "हे मला पुस्तकात सापडत नाही. स्वप्न पडताना आपलं अंग सैल पडतं, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणातच असतो. परदेशात मांजरांवर तसं पाहिलंय. यांचं अंग सैल पडत नसावं, असा माझा अंदाज. स्वप्नात करतात ते हातापायांनी होतं. आणि स्वप्नात काय करतात, ठाऊक आहे? रानडुकरं येतात म्हणे. कुत्री येतात. ते त्यांना हाकलतात. मी इतक्यांदा विचारलं, बाई, एकदाही त्यांनी तुम्हाला मारलेलं नाही."

बकुळाला आधी कळेचना. मग कळलं, आणि ती तिथंच, बाकावर, तोंडावर पदर दाबून रडली. राग नव्हता! ताटावर नव्हता, तोंडावर नव्हता, मुठीतही नव्हता. इतकी वर्षं आपण एका आजाराशी भांडत होतो. तेवढ्यात सीताराम पेढ्यांचा पुडा घेऊन आला, तिनं पेढा घेतला आणि खाल्लासुद्धा. कमल गेल्यापासून तिनं गोड तोंडात घातलं नव्हतं.

ती वॉर्डात गेली. लवूला दोन दिवस ताप होता, छातीत कफ घरघरत होता. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"तुमका राग नाय. आजार आसा. डाक्तर बोलले," ती म्हणाली. "मीच खुळी. तुमका माझो राग कधी नव्हतोच."

लवूनं डोळे उघडले. ओठ हलले. तिनं कान आणखी जवळ नेला.

"होतो," लवू म्हणाला.

बकुळा तशीच वाकलेली राहिली.

"कमलच्या येळाक. खूप होतो." एकेका शब्दाला दम लागत होता. "कोणाक बोलतलय? तू देवाक इचारीत रवलंस, आणि चेडू गेला. मगे माझ्या येळाकव देवाक इचारलंस. आता डाक्तराक इचारतंस." थांबला. घरघर वाढली. "माका कधी इचारलंस गो?"

आवाजात चढउतार नव्हता. तो चिडून म्हणतोय, की मायेनं, की नुसतंच सांगतोय, काही कळायला मार्ग नव्हता. चेहऱ्याचं तर काय, डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं होतं की त्या चेहऱ्यावर काही वाचू नका.

मग बकुळानं विचारलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिनं उत्तर हवं म्हणून त्यालाच विचारलं. "अजून आसा तो राग?"

लवू तिच्याकडे बघत होता. ओठ पुन्हा हलल्यासारखे वाटले. बाहेर ढोल वाजत होते, तिनं हातानं आपला दुसरा कान बंद केला. पण काही आलं नाही. तिनं परत विचारलं. सिस्टर येऊन म्हणाली, बाई, त्यांना ग्लानी आलीय, बोलवू नका. तरी ती विचारत राहिली. रस्त्यावर रोषणाई लागली तरी ती वाकून तेच विचारत होती, आणि शेवटी सीतारामनं दंडाला धरून तिला उठवलं.

लवू पुन्हा बोलला नाही. छाती भरत गेली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

डॉक्टर मानकर खाली मान घालून आले. मेंदू बघू द्याल का, म्हणाले. आत एक काळी पट्टी असते, ती फिकी पडली असेल असा अंदाज आहे, आणि झोपेचं कोडंही तिथंच जवळपास कुठंतरी सुटलं तर सुटेल. ते ऐकून सीताराम खवळला. "अर्धा माणूस जाळायचा काय आम्ही? गावाला काय तोंड दाखवू?" राधाबाई तर ओरडलीच, की असल्या माणसाला गती मिळत नाही, घरात फिरत राहतो. गाववाले जमले होते, त्यांच्यातला एकजण म्हणाला, गावी तार करू, कौल लावू, देव म्हणेल तसं करू.

बकुळा भिंतीला टेकून बसली होती. ती उठली आणि सगळ्यांना ओलांडून डॉक्टरांपुढे येऊन उभी राहिली.

"न्या," ती म्हणाली. "जिते होते तेव्हा मी इचारूक नाय. आता कोण इचारता तर इचारूंदेत."